लक्ष कुठे असतं

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही माझी नाही, मुलीबद्दलची आहे. डॉक्टरबाईंनी सांगितलं, "तीन आठवडे बघा. ती काय सुरू करते, काय अर्धवट सोडते, काय विसरते, ते लिहून आणा." मी लिफ्ट दुरुस्त करतो. बिघाड लिहून ठेवायची मला बावीस वर्षांची सवय आहे. फरक एवढाच, की लिफ्टचा बिघाड लिहून झाल्यावर हात काळे करावे लागतात. इथे लिहिणं हीच निम्मी दुरुस्ती, असं त्या म्हणाल्या. सुखी धंदा आहे.

मुलगी पंधरा वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणतात. शाळेतून तिसरं पत्र आलं, "हुशार आहे, पण लक्ष नसतं." माझ्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी हेच वाक्य असायचं. पण आमच्या गावच्या शाळेत चार इयत्तांना मिळून एक गुरुजी होते आणि लक्ष नसण्यावरचं औषध त्यांच्या टेबलाच्या खणात असायचं. बारा इंच लांब, दोन्ही कडांना आकडे. आता लक्ष नसण्याला इंग्रजी नाव आलंय, चार अक्षरांचं. रोग तोच राहिला, फुटपट्टी मात्र गेली.

माझ्याकडे उपाय तयार आहे. एक वसतिगृहाची शाळा आहे. पहाटे पाचला घंटा, मग दर तासाला घंटा, हसायची वेळसुद्धा वेळापत्रकात असावी. अर्ज आणून ठेवलाय, शेवटची तारीख पंचवीस. हिचं, म्हणजे बायकोचं म्हणणं, आधी डॉक्टर. शेवटी तडजोड झाली. डॉक्टरबाई "काही नाही" म्हणाल्या तर पोरगी वसतिगृहात जाईल, "काही आहे" म्हणाल्या तर बघू. आजकाल डॉक्टरकडे जाऊन "काही नाही" ऐकून परत आलेला माणूस मी पाहिलेला नाही, तरी तारीख चुकू नये म्हणून अर्ज भरून तयार ठेवणार आहे.

मुलीला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

"मला नाही जायचं तिकडे, बाबा."

"मग लक्ष दे."

"देते."

आणि देते म्हणत ती उघड्या नळासमोरून निघून गेली.

पहिली नोंद: सकाळी सात दहा. एका पायात मोजा, दुसरा मोजा हातात, आणि हातातला मोजा घरभर शोधणं चालू.

(हे सगळं मी शेवटी कोऱ्या वहीत चांगल्या अक्षरात उतरवून काढणार आहे. म्हणून इथे मनातलं लिहायला हरकत नाही.)

६ फेब्रुवारी, गुरुवार

भिंगरी गणिताची वही शाळेत विसरली, खाऊची डबी बसमध्ये विसरली आणि बसमध्ये काय विसरली ते घरी येऊन विसरली. मी शांतपणे समजावलं. शांतपणे म्हणजे शेजाऱ्यांनी दार लावून घेतलं एवढंच.

"वस्तू ठेवायची एक जागा असावी माणसाला," मी म्हणालो. "माझ्या हत्यारांच्या पेटीत बघ. डोळे मिटून पाना हाताला लागतो."

ही आतून म्हणाली, "अहो, डोळे मिटण्याआधी चष्मा शोधा. सकाळपासून शोधताय."

चष्मा पेटीतच होता, पान्याच्या जागी.

"काखेत कळसा," मी हसून म्हणालो. वाद मिटवायचा तर स्वतःवर हसावं.

"कळसा निदान काखेत तरी असतो," ही म्हणाली. "तुमचा कुठल्या इमारतीत राहिलाय, ते इमारतवाले फोन करून सांगतात."

हिला अतिशयोक्तीची सवय आहे. असा फोन वर्षातून चार-पाचदाच येतो.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी जपाला बसलो. माळेचे मणी एकशे आठ. त्यातले साठ-सत्तर तरी देवाचे असतात. उरलेल्यांत कुठल्या लिफ्टचं तेल बदलायचं राहिलंय, दोराला काय काय उपमा देता येतील, लहानपणी ओढ्यावरचा खेकडा उजव्या नांगीचा होता की डाव्या, असं येऊन जातं. तीस वर्षं रोज बसतो. देवाला माझी सवय झाली असावी. समोरचा सारखा उठून जातोय हे दिसत असूनही तो जागा सोडत नाही.

गुरुजींनी मला आधी खिडकीपाशी बसवलं होतं. मी बाहेर बघतो म्हणून दाराकडे हलवलं. दारातून बघतो म्हणून शेवटी स्वतःच्या खुर्चीमागे बसवलं, जिथून काहीच दिसू नये. तिथून मला त्यांच्या टोपीची शिवण दिसायची. एका बाजूला एकवीस टाके, दुसऱ्या बाजूला एकोणीस. चौथीचा अभ्यासक्रम मला आठवत नाही, टाके आठवतात. तरी सुधारलोच ना. शिस्तीनं माणूस सुधारतो, मी हे त्याचं जितंजागतं उदाहरण.

अण्णांचा मात्र नाइलाज. अण्णा म्हणजे माझे वडील, शहात्तर वर्षांचे, आमच्याकडेच असतात. सुतार होते. हात असा, की लाकडाला वाटावं आपण याच्यासाठीच वाढलो. पण गाव त्यांना 'उद्याबुवा' म्हणायचं. खुर्चीचे तीन पाय करून झाले की चौथा उद्या. मी लहानपणी बाजारातून जाताना मान खाली घालून जायचो. मोठेपणी ठरवलं, आपण काहीही होऊ, उद्याबुवा होणार नाही. सध्या त्यांनी रेडिओ उघडलाय. गेल्या महिन्यात घड्याळ उघडलं होतं. दोन्हींचे स्क्रू आता एकाच वाटीत सुखानं नांदताहेत.

आज भिंगरीच्या लक्षाबद्दल बोलणं चाललं होतं, तर वाटीतून मान वर करून म्हणाले, "लक्ष नसतं कसं? लक्ष असतंच. जरा जास्तच असतं. जत्थ्यानं येतं, एकाच वेळी सगळीकडे जातं."

मी म्हणालो, "अण्णा, आळसाला इतकी शोभा आणू नका."

ते परत वाटीत वाकले. भिंगरी त्यांच्याशेजारी बसून स्क्रू आकारानुसार लावत होती. तास झाला तरी उठली नव्हती. हे नोंदीत कुठे बसवायचं कळेना, कारण लक्ष नसलेली मुलगी तासभर स्क्रू कशी लावेल? म्हणजे मुळात हा नुसता हट्टच आहे, असं माझं मत होत चाललंय. मनात आणलं तर करते. त्याचा अर्थ, एरवी ती मुद्दाम करत नाही. हा मुद्दा डॉक्टरबाईंना नीट मांडायला हवा, की ज्या अर्थी ती

चहा ठेवला होता!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पाच दिवस वही सापडत नव्हती. फ्रीजवर होती. तिथे कुणी ठेवली याची चौकशी केली, कुणी कबूल होत नाही. भांडं घासूनही चहाचा डाग गेलेला नाही, त्याबद्दल बोलणं झालंय.

आज डॉक्टरबाईंची प्रश्नावली भरायला बसलो. ही तिसरी प्रत. पहिली हरवली. दुसरी सापडली, पण तिच्या पाठीवर मी कुठल्यातरी ब्रेकची मापं लिहून ठेवली होती, आणि आता ती मापं महत्त्वाची आहेत. तिसरी आणायला गेलो तेव्हा डॉक्टरबाईंकडच्या ताई म्हणाल्या, "मुलीनं हरवली का?" मी नुसती मान हलवली. होय-नाही कुठलीही समजावी अशी.

ही प्रश्न वाचणार, मी उत्तरावर खूण करणार.

"समोरच्याचं बोलणं पूर्ण होण्याआधीच..."

"नेहमी," मी म्हणालो आणि खूण केली.

"प्रश्न तरी पूर्ण होऊ द्या!"

"काय असणार त्यात? पुढचा घे."

"हातातलं काम पूर्ण करण्याआधी दुसरं सुरू करते का?"

"नेहमी."

"बरं. आणि न्हाणीघरातला नळ?"

"कुठला नळ?"

"गेल्या वर्षी अर्धा उघडून पाना तसाच अडकवून ठेवलात तो. आता मी त्या पान्यावर टॉवेल वाळत घालते. चांगला मजबूत आहे."

"तो मी वॉशर आणायला म्हणून उठलो होतो."

"हो ना. दुकान लांब आहे. येतील वॉशर, वर्ष-दोन वर्षांत."

अठरापैकी तेरा प्रश्नांवर 'नेहमी' अशी खूण झाली. प्रत्येक प्रश्नाला ही माझ्याकडे बघायची, मग कागदाकडे, मग परत माझ्याकडे. शेवटी म्हणाली, "आडातच आहे तर पोहऱ्यात येणारच."

"अण्णांचं म्हणतेस ना? मला वाटतंच तसं," मी म्हणालो. "एक पिढी ओलांडून येतं म्हणे काही काही."

ही उठून गेली. जाताना खूप हसत होती. तब्येत बरी असावी तिची.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

वसतिगृहाचा अर्ज सापडत नाही. भिंगरीला विचारलं, तर म्हणाली मी घेतला नाही. म्हटलं, घेतला नसशील पण हरवला असशील. ती म्हणाली, "न घेता कसा हरवेन?" हल्ली उलट उत्तरं देते.

मग जेवली नाही. पोट भरलंय म्हणाली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचा दिवस लिहून ठेवावा असा.

एका सात मजली इमारतीची लिफ्ट आठवडाभर मध्येच बंद पडत होती. दोघे जण येऊन गेले, कुणाला कारण सापडेना. आज माझा जोडीदार रजेवर, म्हणून एकटाच गेलो. तासाभरात काम फत्ते.

कारण साधं होतं. प्रत्येक मजल्याच्या दाराला खिट्टी असते. दार नीट मिटलं की खिट्टी बसते, वीज पुढे जाते आणि मगच लिफ्ट हलते. तिसऱ्या मजल्याची खिट्टी झिजली होती. हे नक्की करायला आम्ही गच्चीवरच्या यंत्रखोलीत विजेच्या पेटाऱ्यातल्या दोन टोकांना एक लाल वायर जोडतो. मग लिफ्टला वाटतं, सगळी दारं बंद आहेत. तिला आपण तात्पुरतं फसवतो म्हणा ना. वायर लावली, लिफ्ट चालली, म्हणजे दोष दारातच. खाली जाऊन खिट्टी घासली, बसवली. तेवढ्यात शाळेतून फोन. भिंगरीनं प्रयोगवही आणली नाही, चौथ्यांदा. बाईंचं सगळं ऐकून घेतलं, माफी मागितली, तसाच वर गेलो. पेटाऱ्याचं झाकण लावलं आणि पाच-सहा फेऱ्या मारून पाहिल्या. लिफ्ट लोण्यासारखी चालली. रखवालदार म्हणाला, "तुमचा हात लागावा लागतो, काका."

संध्याकाळी भिंगरीला समोर बसवून हेच सांगितलं. म्हटलं, "बघ, माझ्या कामात एक चूक झाली तर माणूस मरतं. तुझ्या कामात एक वही आणायची असते. मी बावीस वर्षं चुकलो नाही, तुला बावीस मिनिटं जमत नाही. बेपर्वाई म्हणतात याला, दुसरं काही नाही."

ती "हो बाबा" म्हणाली. ऐकत होती की नाही कोण जाणे. टेबलाच्या कडेचं लाकूड नखानं कुरतडत होती.

२३ फेब्रुवारी, रविवार

घडलं त्याच क्रमानं लिहितो.

सकाळी जपाला बसलो होतो. नेहमीप्रमाणे मन निघालं फिरायला. कालचा शनिवार आठवला. मळका सदरा धुवायला टाकताना हिनं खिशातल्या लाल वायर काढून माझ्या हातात दिल्या होत्या, "हे घ्या तुमचे दागिने" म्हणून. पुढचा मणी ओढला. दागिने किती होते? दोन. आणखी एक मणी. माझ्याकडे असतात तीन.

माळ तिथेच राहिली. तीस वर्षांत पहिल्यांदा अर्ध्यातून उठलो. म्हणजे शरीरानं पहिल्यांदा.

रखवालदाराला फोन लावला. उचलेना. हिला एवढंच म्हणालो, "वायर आत राहिली." ही काही विचारत बसली नाही, गाडीची किल्ली हातात दिली. किल्ली कुठे होती ते तिला ठाऊक होतं. माझ्या किल्ल्या कुठे असतात ते तिला गेली वीस वर्षं ठाऊक आहे. वाटेत हे लक्षात आलं.

वाटेत आणखीही बरंच लक्षात आलं. लिफ्ट लोण्यासारखी चालली ती माझ्या हातामुळे नव्हे. वायर होती तोवर ती चालणारच होती, खिट्टी बसो न बसो. मी बिघाड दुरुस्त केला नव्हता. बिघाड कळण्याची सोयच काढून घेतली होती आणि वर शाबासकी घेऊन आलो होतो. दोन दिवस ती लिफ्ट दार उघडं टाकूनही धावू शकत होती.

पोचलो. रखवालदार फाटकापाशी नव्हता. जिना चढत गेलो. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार चार बोटं उघडं होतं, आणि दारावरच्या पाटीत मजल्याचा आकडा होता सहा. म्हणजे लिफ्ट वर, आणि दारामागे नुसती विहीर. एक म्हाताऱ्या बाई पिशवी घेऊन उभ्या होत्या आणि त्यांचा हात दाराच्या मुठीवर होता.

"मावशी, हात काढा," मी ओरडलो.

"अरे, उघडंच आहे की दार. आली वाटतं लिफ्ट."

"नाही आली. मागे या. मागे, मागे."

त्या मागे आल्या. वर म्हणाल्या, "ओरडतोस कशाला? चांगल्या शब्दात सांगता येत नाही?"

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. खरंच होतं त्यांचं, चांगल्या शब्दात सांगायला हवं होतं.

नंतर वर जाऊन लिफ्ट बंद केली. पेटारा उघडला. तिसरी वायर तिथेच होती, अगदी व्यवस्थित जोडलेली. कामात माझ्या हाताला दोष देता यायचा नाही. प्रत्येक मजल्यावर 'लिफ्ट बंद'ची पाटी लावली. तिसऱ्या मजल्याचं दार दोरीनं बांधलं, दोनदा तपासलं, खाली आलो, परत वर जाऊन तिसऱ्यांदा तपासलं.

दुपारी ही म्हणाली, "देवानं वाचवलं."

मला प्रश्न पडलाय. नामात मन लागलं असतं तर वायर आठवली नसती. ज्या भटकण्याबद्दल मी रोज त्याची क्षमा मागतो, त्याच भटकण्यातून आज आठवलं. आणि वायर राहिली तीही त्याच भटकण्यापायी. याचा हिशेब तो कसा करतो, त्याचं त्याला माहीत.

२४ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांना सांगितलं. साहेब माझ्याहून बारा वर्षांनी लहान. शांतपणे ऐकून घेतलं, उठून केबिनचं दार लावलं.

"कुणाला काही झालं?"

"नाही."

"बावीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं ना?"

होय म्हणता आलं असतं. तेच म्हणायला तोंड उघडलं होतं. "पहिल्यांदा एवढं मोठं," मी म्हणालो. "बारीकसारीक राहतं. जोडीदार बघून घेतो. तो मला सांगत नाही आणि मी त्याला विचारत नाही."

साहेबांनी टेबलावरचा कागद सरळ केला. मग म्हणाले, चौकशी होईल, नोंद होईल. तोपर्यंत एकट्यानं काम नाही. वायर सकाळी मोजून घ्यायच्या, संध्याकाळी मोजून द्यायच्या, दोन्ही वेळा सही. पेटाऱ्याचं झाकण जोडीदारानं पाहिल्याशिवाय लावायचं नाही. म्हणजे पन्नाशीला आलेल्या माणसाला बालवाडी. अपमानानं कान तापले. आणि खरं सांगायचं तर, बावीस वर्षांत पहिल्यांदा संध्याकाळी परतताना मी खिसे चाचपले नाहीत.

घरी आलो तर भिंगरी माझ्या खुर्चीपाशी उभी. हातात वसतिगृहाचा अर्ज.

"बाबा, सापडला. तुमच्या पेटीत होता, झाकणाच्या आतल्या कप्प्यात. उद्याची तारीख आहे."

अर्जाला ग्रीसचं बोट लागलं होतं, माझं. बाकी सगळा भरलेला. अक्षर तिचं, पण ओळीत. फोटो सरळ चिकटवलेले. मागे कागदपत्रं यादीच्या क्रमानं टाचलेली.

"तीनदा तपासलं," ती म्हणाली. "फक्त तुमची सही राहिलीय."

तिनं वेळेच्या आत पूर्ण केलेलं आयुष्यातलं हे पहिलं काम. घरातून स्वतःला बाहेर काढण्याचं.

"तुला जायचं नव्हतं ना?"

"नव्हतंच. पण मी ठरवूनही नाही जमत, बाबा. रोज सकाळी ठरवते. तिकडे घंटा तरी आहे. आणि इथे तुम्ही मग..." तिनं शब्द शोधला. "तुम्ही दमणार नाही."

मी तिला बसवलं आणि वायरची गोष्ट सांगितली. सगळी. चार बोटं उघडं दार, मावशी, पिशवी. शुक्रवारी तिच्यापुढे बढाई मारत होतो तेव्हा वायर आतच होती, हेही. ती डोळे मोठे करून ऐकत होती. टेबल कुरतडायची विसरली.

संपल्यावर काळजीनं म्हणाली, "मग तुम्हाला कुठे पाठवणार?"

"मला?"

"साहेब तुम्हाला कुठे पाठवणार? सुधारायला?"

"कुठेच नाही. जोडीदाराबरोबर काम करायचं. सगळं मोजून घ्यायचं, मोजून द्यायचं."

"एवढंच?" ती म्हणाली. मग अगदी हळू, "मग मला पण तसंच चालेल ना, बाबा?"

मी सही केली नाही. अर्जाची मागची बाजू कोरी होती. तिच्यावर आम्ही दोघांनी मिळून सकाळी घरातून निघायच्या आधी बघायच्या वस्तू लिहिल्या. तिच्या सात झाल्या, माझ्या नऊ. कागद दाराला आतून चिकटवला. ही बाहेरून आली, कागद वाचला, काही न बोलता पेन घेतलं आणि माझ्या बाजूला दहावी ओळ घातली: 'वॉशर.'

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरबाईंसाठी चांगल्या अक्षरातली प्रत काढायला बसलो होतो. सहा ओळी झाल्या, मग पेन बदलायला उठलो. म्हणून शेवटी हीच वही नेली, चहाच्या डागासकट.

अर्धा तास वाचत होत्या. मध्ये दोनदा हसल्या, ज्या ठिकाणी मी अत्यंत गंभीरपणे लिहिलंय अशा ठिकाणी. मग भिंगरीशी एकटीशी बोलल्या, नंतर आम्हाला बोलावलं. म्हणाल्या, मुलीचं निदान स्पष्ट आहे. ती आळशी नाही, बेपर्वा नाही. मोटार चांगली आहे, ब्रेक उशिरा लागतो. हे त्यांनी माझ्यासाठी म्हटलं असावं. औषध, सराव, शाळेला पत्र, सगळं सांगितलं. भिंगरीनं लिहून घेतलं, मग हिनंही लिहून घेतलं.

"शाळेतल्या बाई म्हणतात, मनात आणलं तर करते," मी विचारलं. बाई नव्हे, मीच म्हणत होतो. वहीत होतंच ते.

"आवडीच्या कामात तासभर बुडते, नावडीच्या कामात मिनिटभर टिकत नाही. ते मनात आणण्यावर नसतं. मनात आणायचं जे यंत्र, तेच वेगळं चालतं." मग त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "यात मुलीबद्दलची पानं किती आहेत, मोजलीत?"

मोजली नव्हती. तिथे बसून मोजली. एकवीसपैकी पाच.

त्यांनी खणातून दुसरा कागद काढला. मोठ्या माणसांसाठीची प्रश्नावली. "लगेच शिक्का मारत नाही. पण बघायला हवं."

"या वयात? आता काय उरलंय बघायला?"

"वयानं हे जात नाही बऱ्याचदा. लपवायच्या युक्त्या तेवढ्या वाढतात. तुमच्या बऱ्याचशा युक्त्या म्हणजे या इथे बसल्यात," त्या हिच्याकडे बघून म्हणाल्या. ही जमिनीकडे बघत होती. मला वाटलं हसतेय. हसत नव्हती.

"घराण्यात आणखी कुणी? हे बऱ्याचदा घराण्यात उतरतं. वडील?"

"छे, वडिलांना असलं काही नाही," मी म्हणालो. "ते फक्त आळशी आहेत."

हे वाक्य मी आयुष्यभर म्हणत आलोय. आज पहिल्यांदा ऐकलं.

२ मार्च, रविवार

जप झाल्यावर अण्णांच्या खोलीत गेलो. रेडिओ मांडीवर होता. म्हणालो, "अण्णा, एक कागद आहे. माझा भरून झालाय. तुम्हालाही वाचून दाखवू?"

"कसला?"

जमेल तसं सांगितलं. भिंगरीचं, माझं, वायरचं. ते ऐकताना स्क्रू बोटांत फिरवत राहिले. मला वाटलं लक्ष नाही.

"वाच," म्हणाले.

एकेक प्रश्न वाचला. काम सुरू करून सोडून देता का? ते हसले. "गावाला विचार. गाव माझ्या नावानंच उत्तर देईल." वस्तू हरवतात का? "हे काय विचारणं झालं!" बसल्या जागी चुळबुळ? त्यांनी नुसता स्क्रू वर धरून दाखवला. मीही हसलो. चांगलं चाललं होतं. दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांची पाटी बघावी तसं.

मग वाचलं, "तुमच्या या सवयींमुळे जवळच्या माणसांना आपली पर्वा केली जात नाही, असं वाटतं का?"

अण्णांनी रेडिओ मांडीवरून उतरवून पलंगावर ठेवला.

"तुझ्या आईनं एक कपाट मागितलं होतं," ते म्हणाले. "लग्नाच्या पहिल्याच वर्षी. सागाचं केलं. फळ्या बसवल्या, पॉलिश केलं. दारं तेवढी राहिली. उद्या लावतो म्हटलं. मग गावातली कामं आली, त्यातली निम्मी राहिली, मग शेजारच्या गावातली. एकतीस वर्षं तिनं त्याला पडदा लावला. जुन्या साडीचा. साडी विरली की दुसरी. कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं होतं."

मला ते कपाट आठवतं. त्याला पडदाच असतो, असं मी समजत होतो.

"ती गेली त्या दिवशी मी ते पडदा सारून बघितलं," अण्णा म्हणाले. "एका दिवसाचं काम होतं."

बाहेर भिंगरी कुणाला तरी तिची यादी वाचून दाखवत होती, वही, डबी, पाण्याची बाटली.

"हा कागद तेव्हा नव्हता का रे?"

"नव्हता, अण्णा."

"तिला वाटलं असेल, मी मुद्दाम केलं."

मी त्यांच्याहून सत्तावीस वर्षांनी लहान, पण मलाही तेच वाटत आलं होतं, आणि हे त्यांना ठाऊक होतं. देवाचं नाव तोंडाशी आलं, पण पुढे सरकेना. कागद हातात तसाच राहिला.

त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले, चष्मा चाचपला. तो कपाळावरच होता.

"वाच पुढचा प्रश्न," म्हणाले. "अर्धवट सोडू नकोस."